टाळूतली चिठ्ठी

पहिलाच घास तोंडाशी नेला आणि ताईंचा हात तिथंच अडला. घास ताटात परत गेला. उजव्या हाताचा अंगठा त्यांनी डोळ्यांसमोर धरला, तर्जनीवर घासला, फडक्याला पुसला आणि पुन्हा घासून पाहिला.

"काय झालं? चटका बसला का?" समोर जेवायला बसलेल्या नवऱ्यानं विचारलं.

"गुळगुळीत होती," ताई म्हणाल्या.

"काय गुळगुळीत होतं?"

"सकाळी हवालदारानं आणलेली कवळी. टाळूच्या बाजूनं. अगदी सपाट, गुळगुळीत."

"मग काय कवळीला काटे असतात?" असं म्हणून नवरा पुढच्या घासाकडे वळला. पण ताई उठल्या होत्या. खरकट्या हातानंच मागच्या खोलीत गेल्या, आणि साच्यांच्या फळीखाली स्टूल ओढल्याचा आवाज आला.

ताईंना गावात सगळे दातवाल्या ताई म्हणत. दातांच्या डॉक्टर नव्हत्या त्या. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवत. ताई त्या मापात प्लास्टर ओतून साचा करत, साच्यावर मेण चढवत, मेणात एकेक दात लावत आणि शेवटी मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून कवळी शिजवत. म्हातारी माणसं त्या कवळीनं सफरचंदं कराकरा खायची आणि म्हणायची, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. ताई हे ऐकायच्या, मुकाट्यानं प्लास्टर घासायच्या, आणि त्या दिवशी प्लास्टर जरा जास्तच घासलं जायचं. दवाखान्यांच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, फोन, नोंदवही आणि निवृत्त झालेला नवरा. मागच्या खोलीत यंत्रं, मेणाचा वास आणि भिंतभर साचे. चौतीस वर्षं हा कारभार चालला होता.

पण ताईंचं नाव झालं ते कवळीमुळे नव्हे, चिठ्ठीमुळे. बारा वर्षांपूर्वी वृद्धाश्रमात एक नवी मदतनीस बाई लागली. कामाला वाघीण. पहिल्याच दिवशी तिनं सगळ्यांच्या उशाशी ठेवलेल्या कवळ्या गोळा केल्या, एका टबात औषधी पाण्यात भिजवल्या आणि लख्ख घासून ओळीनं टॉवेलवर मांडल्या. तेवीस जोड्या. आता कुठली कुणाची? बाई घाबरली, आणि ज्याला जी आवडेल ती त्यानं उचलावी असं तिनं जाहीर करून टाकलं. एका आज्जींनी सगळ्यांत पांढरेशुभ्र दात पसंत केले आणि काही केल्या सोडेनात. दोन आजोबांची एकाच खालच्या कवळीवरून जुंपली. ती दोघांचीही नव्हती. शेवटी ताईंना बोलावलं. दोन दिवस त्या तोंडामागून तोंड उघडायला लावत होत्या. तेविसावी जोडी योग्य माणसाच्या तोंडात गेली तेव्हा त्यांच्या नाकी नऊ आले होते. घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं, "आजपासून बिनखुणेची कवळी माझ्या हातून बाहेर पडणार नाही."

खूण करायची कशी, ह्यात दोन वर्षं गेली. आधी त्यांनी बारीक ड्रिलनं बाहेरून अक्षरं कोरली. त्या खाचांत अन्न अडकून काळं पडायला लागलं. एक आजोबा तक्रार घेऊन आले की माझ्या नावाला वास येतो. मग पक्क्या शाईनं लिहून वर पारदर्शक थर दिला. सहा महिन्यांत ब्रशनं घासघासून नाव गायब. एका डॉक्टरांनी स्टीलची पट्टी सुचवली, दुसऱ्यानं चिप सुचवली, यंत्र लावलं की नाव-पत्ता दिसतो म्हणे. ते यंत्र गावात कुणाकडेही नव्हतं, म्हणजे चिप असून नसून सारखीच. शेवटी ताई कागदावर आल्या. वरच्या कवळीत, टाळूच्या मागच्या कडेला एक उथळ खाच कापायची, तिच्यात कांद्याच्या सालीइतक्या पातळ कागदाची छापील चिठ्ठी ठेवायची, वरून बिनरंगाचं प्लास्टिक भरायचं आणि घासून चकचकीत करायचं. चिठ्ठी काचेखाली ठेवल्यासारखी जन्मभर वाचता यायची. तिच्यावर नाव नसायचं. म्हातारपणी माणसाला दातांचीही लाज वाटते, हे ताईंना ठाऊक होतं. चिठ्ठीवर दुकानाचा फोन आणि एक क्रमांक, बस. कुठला क्रमांक कुणाचा, हे फक्त नोंदवहीत.

दोनशेच्या वर माणसं गावात ही चिठ्ठी टाळूला लावून हिंडत होती. डॉक्टर कवळ्या पाठवायचे ते चिठ्ठीसाठी. वृद्धाश्रमानं तर नियमच केला होता. ताई वरवर म्हणायच्या, त्यात काय मोठंसं. पण मनातून त्यांना भारी अभिमान होता, आणि तो का नसावा?

रविवारी ज्येष्ठ मंडळींच्या सहलीची बस घाटाच्या वळणावर पेटली. तिसाच्या वर माणसं पटापट उतरली. मागच्या बाकावरचे दोघे राहिले. घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी आणि त्यांच्या दुकानाला लागून दुकान असलेले टेलरमास्तर. चाळीस वर्षांचे दोस्त, एकाच अंगकाठीचे, एकसारखे टकले. पाठमोरे उभे राहिले तर घरची माणसंही फसायची. त्यातला एक जागीच गेला आणि एकाला बेशुद्ध अवस्थेत इस्पितळात आणलं. चेहरा, हात, छाती, सगळं पट्ट्यांखाली. घशात नळी घालायची म्हणून त्याची कवळी काढली, तर तिच्यात चिठ्ठी. इस्पितळातून रविवारी संध्याकाळी फोन आला. ताईंनी नोंदवही उघडली आणि सांगितलं, "दोनशे पंधरा? टेलरमास्तर."

म्हणजे गेलेले घड्याळजी, हे ओघानंच आलं. तरी कागद पुरा करायला म्हणून आज, बुधवारी सकाळी, हवालदार दुसरी कवळी प्लास्टिकच्या पिशवीतून घेऊन आला. पुढचे दात काळवंडले होते, मागचा भाग शाबूत होता. ताईंनी हातमोजा न घालताच कवळी हातात घेतली, उजेडाकडे धरली, वाचलं, दोनशे चौदा. "घड्याळजी," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हवालदारानं सही घेतली. "मुलगी ताटकळलीय बिचारी. आता ताबा देतो. पाच वाजता नेणार आहेत," असं सांगून तो गेला.

आता एक वाजून गेला होता आणि ताई स्टुलावर चढून साचे उलटेपालटे करत होत्या. डॉक्टरांच्या पहिल्या मापाचे साचे त्या टाकत नसत. प्लास्टर ओलं असतानाच बुडाला खिळ्यानं नाव कोरलेलं असायचं. टेलरमास्तरांचा साचा सापडला. टाळू सपाट. मग घड्याळजींचा. ताईंनी तो हातात घेतला आणि अंगठा टाळूवरून फिरवला.

मधोमध हाडाचा उंचवटा होता. चांगला शेंगदाण्याएवढा.

काहींच्या टाळूला तो जन्मतःच असतो. तसा माणूस असला की कवळीला आतून तेवढाच खळगा ठेवावा लागतो, नाहीतर ती टेकत नाही, डुगडुगते. घड्याळजींच्या कवळीला ताईंनी तो खळगा स्वतः ठेवला होता, तीनदा घासून. आणि सकाळी, चिठ्ठी वाचताना, त्यांचा अंगठा दोनशे चौदाच्या टाळूवरून फिरला होता. खळगा नव्हता.

 ताई तिथंच स्टुलावर बसल्या, आणि अकरा महिन्यांपूर्वीची दुपार लख्ख समोर उभी राहिली. दोघं दोस्त डॉक्टरांकडे नव्या कवळ्या बसवून पाहून, त्या तशाच घालून, चिठ्ठी बसवून घ्यायला एकत्रच आले होते. ताईंनी दोघांच्या कवळ्या काढून दोघांपुढे दोन वाट्यांत ठेवल्या. घड्याळजींच्या वाटीतल्या कवळीला दोनशे चौदा, मास्तरांच्या वाटीतल्या कवळीला दोनशे पंधरा, असं ठरवलं. खाचा कापल्या, चिठ्ठ्या आणायला त्या आतल्या खोलीत गेल्या, आल्या, चिठ्ठ्या बसवल्या, वरून थर भरला, अर्धा तास वाळू दिला. "घाला आता," म्हणाल्या. दोघांनी घातल्या. मास्तरांचं तोंड मिटेना आणि घड्याळजींच्या तोंडात कवळी डुलायला लागली. मग दोघं लहान पोरांसारखे खो खो हसत सुटले. ताई आत गेल्या तेव्हा घड्याळजींनी गंमत म्हणून वाट्या बदलल्या होत्या! मास्तरांना ठसका लागला. ताईंनी दोघांना लटकं रागावून कवळ्या धुऊन ज्याच्या त्याला दिल्या, आणि त्यासुद्धा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

कवळ्या ज्याच्या त्याला गेल्या. चिठ्ठ्या मात्र आत पक्क्या होऊन बसल्या होत्या. त्या हसण्यात हे तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

"अहो," त्यांनी हाक मारली.  "मी जित्या माणसाला मारलंय."

नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. तो तसा भला माणूस, पण भल्या माणसांनाही भीती वाटतेच. "अंगठ्याला वाटलं म्हणून?" तो म्हणाला. "अगं, जळलेली वस्तू होती. आकार बदलला असेल. आणि हे बघ, एक चिठ्ठी चुकली म्हटलंस की दोनशे चिठ्ठ्या चुकल्या. कोण विश्वास ठेवील उद्या? इस्पितळातला माणूस शुद्धीवर आला की स्वतःच सांगेल ना मी कोण ते."

"आणि तोवर पाच वाजले म्हणजे? मास्तरांना परक्या नावानं नेतील. बायकोला शेवटचं बघायलासुद्धा मिळायचं नाही."

"मग फोन कर."

ताईंनी पोलीस चौकीला फोन लावला. वाजत राहिला. घड्याळजींच्या मुलीचा नंबर काढला, चार आकडे दाबले आणि थांबल्या. काय सांगणार होत्या? तुझे वडील बहुतेक जिवंत आहेत? बहुतेक? असला शब्द वैऱ्यालाही ऐकवू नये. आणि अंगठा चुकला असेल तर? त्यांनी फोन ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मग इस्पितळातली कवळी साच्यावर बसवून बघायची म्हणून दोन्ही साचे फडक्यात गुंडाळले, पिशवीत घातले आणि चपला पायांत अडकवून जिना उतरल्या. एका पायात स्वतःची चप्पल होती आणि दुसऱ्यात नवऱ्याची, हे त्यांना रिक्षात बसल्यावर कळलं.

रिक्षा चौकात अडकली. पुढे एक मालाचा टेम्पो आडवा लागला होता आणि त्याचा ड्रायव्हर निवांत कुणाशी तरी बोलत होता. ताई सीटच्या टोकावर बसून दर मिनिटाला मान बाहेर काढत होत्या. "जरा बाजूनं काढा ना!" "बाई, बाजू कुठाय?" रिक्षावाला म्हणाला. अडीच वाजले. ताई उतरल्या, त्याच्या हातात होते तेवढे पैसे कोंबले आणि चालायला लागल्या. पिशवीत साचे एकमेकांवर आपटू नयेत म्हणून ती पोटाशी धरलेली, पायांत दोन आकाराच्या चपला. लोक वळून बघत होते. बघू देत. देवा, अंगठा चुकलेला असू दे, असं त्या मनात म्हणत होत्या. मग चार पावलांवर, नाही, चुकलेला नको, तो घड्याळजी जगू दे. आणि मग मास्तरांच्या बायकोचा चेहरा समोर यायचा आणि पुढचं काही मागायला जीभच रेटायची नाही. कसंही मागितलं तरी कुणाचं तरी माणूस जाणार होतं.

भाजलेल्यांचा विभाग तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टसमोर रांग, म्हणून जिने. टेबलावरच्या नर्सनं आधी नियम सांगितला, मग ताईंचा चेहरा बघितला आणि खणातून झाकणाची डबी काढून दिली. डबीवर टेलरमास्तरांचं नाव चिकटवलेलं. ताईंनी कवळी उचलली. मागच्या कडेला स्वच्छ अक्षरांत दोनशे पंधरा. त्यांनी अंगठा आत घातला, आणि अंगठा खळग्यात जाऊन बसला.

तरीही त्यांनी नर्सच्या टेबलावरच साचे सोडले. मास्तरांच्या साच्यावर कवळी ठेवली. डुगडुगली. घड्याळजींच्या साच्यावर ठेवली. बसली, आणि हलेना.

"हे काय चाललंय?" नर्सनं विचारलं.

"मोठ्या डॉक्टरांना बोलवा," ताई म्हणाल्या. "तो आतला माणूस टेलरमास्तर नाही."

डॉक्टर येईपर्यंत ताईंना थांबवेना. बाहेरच्या व्हरांड्यातून काचेपलीकडची खोली दिसत होती. पलंगावर पांढऱ्या पट्ट्यांचा एक आकार, यंत्रं, आणि शेजारच्या स्टुलावर मास्तरांची बायको. सत्तरीला टेकलेली, अंगानं एवढीशी. पट्टी नसलेल्या दोन बोटांच्या टोकांना तिनं आपली बोटं लावून ठेवली होती. रविवारपासून ती तशी बसून होती. काय सांगायचं, ह्याची ताईंनी वाटेत शंभर वाक्यं जुळवली होती. दार ढकललं आणि त्यातलं एकही उरलं नाही.

"काकू," त्या म्हणाल्या, "माझी चूक झाली. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. हे घड्याळजी आहेत."

बाईनं वर बघितलं नाही.  मग ती म्हणाली, "ह्यांचे पाय बघा."

चादरीबाहेर पावलं होती. तेवढीच जागा जळायची राहिली होती.

"आमच्या ह्यांचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे. रविवारीच बघितलं मी. नर्सला म्हटलं, पाय वेगळेच दिसतात. ती म्हणाली, सूज आहे, आजी. मी म्हटलं, सूज आली तर बोट आखूड होतं होय? मग तिनं डबी आणून दाखवली. तुमची चिठ्ठी." आता तिनं वर बघितलं. "पन्नास वर्षं मी ते पाय बघितलेत, ताई. पण मला वाटलं, दातवाल्या ताईंची चिठ्ठी कशी चुकेल? माझेच डोळे गेले असतील. आणि... मला ते बरंही वाटलं हो. खोटं कशाला बोलू."

ताईंना वाटलं, हिनं दोन थोबाडीत द्याव्यात. म्हणजे उभं राहणं सोपं जाईल.

"मग ते कुठायत?" बाईनं विचारलं.

"घड्याळजींच्या घरी. दुपारी नेलंय. त्यांची मुलगी आहे जवळ. पाच वाजता..."

"तीन दिवस शवागारात. एकटेच." बाई उठली. पिशवी उचलली, काठी शोधली, दोन पावलं टाकली आणि थांबली. पलंगाकडे बघितलं. पट्ट्यांखालून बोटांची टोकं जराशी हलत होती, चाचपडल्यासारखी. ती परत आली आणि स्टुलावर बसली. बोटं होती तिथं लावली.

"नळी ओढायला बघतात," ती म्हणाली. "हात धरला की शांत होतात. मुलगी येऊ दे ह्यांची, मग मी निघते. तुम्ही धावा. आमच्या माणसाला नेऊ देऊ नका."

डॉक्टर दारात आले होते. त्यांना साचे, डबी आणि पाय तिन्ही दाखवून ताई जिन्याकडे पळाल्या. डॉक्टर फोनवर पोलिसांशी बोलतायत, एवढं मागून ऐकू आलं.

घड्याळजींच्या घरापुढे गाडी उभी होती. चार वाजून गेले होते. अंगणात खुर्च्या, खुर्च्यांवर पन्नासेक माणसं, हळू आवाजात बोलणारी. आतल्या खोलीत पांढऱ्या कापडात पूर्ण गुंडाळलेला देह, आणि त्याच्या उशाशी घड्याळजींची एकुलती एक मुलगी. पोस्टात काउंटरवर असते ती. सगळ्या गावाशी हसून बोलणारी. आज तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. ताई माणसांतून वाट काढत तिच्यापाशी गेल्या आणि खाली बसल्या. हे उभ्यानं सांगण्यासारखं नव्हतं.

"बाळ, माझ्याकडे बघ. तुझे बाबा जिवंत आहेत. इस्पितळात आहेत. आत्ता बघून आले मी."

 मुलीच्या आत्यानं ताईंचा दंड धरला, "कोण बाई आहे ही? ही काय वेळ आहे का असलं काही बोलायची?" ताई बोलत राहिल्या. वाट्या, चिठ्ठ्या, उंचवटा, साचे, सगळं उलटसुलट. तेवढ्यात मुलीचा फोन वाजला. इस्पितळातून होता. तिनं ऐकलं, "हो" म्हणाली, पुन्हा "हो" म्हणाली, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा की रडण्याचा, कुणालाच सांगता आलं नसतं.

अंगणात बातमी पोचायला वेळ लागला नाही. खुर्च्या सरकल्या. माणसं उठून उभी राहिली, एकमेकांना मिठ्या मारायला लागली. कुणी फोनवर ओरडून सांगत होतं, "अरे आहेत! आहेत!" कुणी गाडीवाल्याला इस्पितळाकडे चल म्हणत होतं. आत्या ताईंना शिव्याही देत होती आणि त्यांचे हातही हातात घेत होती. एवढ्या गलक्यात कापडाखालच्या माणसाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. दुपारपासून ज्याच्यासाठी सगळे रडत होते, तो पाच मिनिटांत कुणाचाच उरला नव्हता. ताईंना त्या सगळ्यांचा संताप आला, आणि लगेच आठवलं, संतापायचा हक्क आपल्याला नाही.

मुलगी दारापर्यंत गेली होती. तिथून ती वळली. "मग हे..." ती म्हणाली, आणि तिला आत्ता कळलं. "काका? हे काका आहेत?" ती परत आली, गुडघ्यांवर बसली आणि कापडावर हात ठेवून मोठ्यानं रडली. "माझ्या लग्नाचे कपडे काकांनी शिवले हो. एकटं टाकून कशी जाऊ मी त्यांना? काकू येईपर्यंत मी थांबते."

"काकू तू गेल्याशिवाय येणार नाहीत," ताई म्हणाल्या. "तुझ्या बाबांचा हात धरून बसल्यायत. तू जा. मी बसते इथं."

"तुम्ही?"

"मीच बसायला पाहिजे."

ती गेली. तिच्यामागून आत्या गेली, आत्यामागून सगळे गेले. गाडीवाला तेवढा बाहेर बिडी ओढत थांबला. आतल्या खोलीत ताई आणि मास्तर. कापडाला शवागाराची पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्यानं बांधलेली होती, तिच्यावर ठळक अक्षरांत घड्याळजींचं नाव. ताईंनीच दिलेलं नाव. ती फाडून टाकावीशी वाटली, पण हवालदार येईपर्यंत कशाला हात लावायचा नव्हता. त्यांनी ती फक्त पालथी केली. मग मास्तरांना उद्देशून काहीतरी बोलावं असं त्यांना वाटलं. चुकलं माझं, एवढंच म्हणून झालं आणि हुंदका आला. सकाळी हवालदारासमोर त्या घड्याळजींसाठी रडल्या होत्या. मास्तरांसाठी रडणारी त्या घरात त्या एकट्याच होत्या. चार वेळा उठून त्या दारापर्यंत गेल्या, रस्त्यावर नजर टाकली आणि परत येऊन बसल्या.

पावणेसहाला रिक्षा थांबली. मास्तरांची बायको काठी टेकत आत आली. हवालदारही पाठोपाठ आला, टोपी काखेत. ताई उठून भिंतीला टेकल्या. बाई सावकाश खाली बसली, कापडाखाली चाचपून पावलांपर्यंत हात नेला आणि तो तिथंच राहू दिला. 

मग ती म्हणाली, "आता तुम्ही जा, ताई. मला एकटीला बसू द्या."

ताई दाराकडे निघाल्या. मागून हाक आली.

"उद्या कार्यालयात मृत्यूचा दाखला करायला जावं लागेल. मला अक्षर लागत नाही आता. मुलं लांब आहेत. तुम्ही या माझ्याबरोबर. दाखल्यावर ह्यांचंच नाव लिहितात ना, तेवढं वाचून बघा."

ताईंना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "मी?" त्या म्हणाल्या. "माझ्यावर विश्वास ठेवाल अजून?"

"तुमच्याशिवाय दहा वेळा कोण वाचणार आहे ते?" बाई म्हणाली. "दहाला या."